दोन रुपये भार

आजीचा डबा अण्णाकाकांच्या गादीवर उपडा केला, तेव्हा नाशिकच्या सराफ बाजारात दुपारची सामसूम होती. गोदावरी चढली की या गल्लीत पाणी शिरतं. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं याची बातमी आली, की दुकानदार खालचे खण रिकामे करू लागतात. आमच्या घरची चांदी गेली कित्येक वर्षं काकांच्याच तिजोरीत, वरच्या खणात होती. अण्णाकाका माझ्या वडिलांचे मावसभाऊ. वय ऐंशी, नजर अजून भिंगाशिवाय चालते, पण भिंग हातातून सुटत नाही.

मार्गशीर्षात भाचीचं लग्न. जुनी चांदी मोडून तिच्यासाठी एक मोठं ताट करायचं, असं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. मला ते पटत नव्हतं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ज्यावर काही लिहिलंय ते न वाचता मुशीत टाकायचं, हे मनाला लागत होतं. म्हणून डबा घेऊन मीच बसले.

“आधी हे बाजूला ठेव,” म्हणत काकांनी सहा चमचे आणि सहा काटे उचलून माझ्या ओटीत टाकले. “यात चांदी नाही.”

“काका, हे देवळालीच्या साहेबाच्या घरचे आहेत. आजोबांनी लिलावात घेतले होते. मागे चार-चार शिक्के आहेत.”

“शिक्के आहेत म्हणूनच सांगतोय. वाच.”

भिंगाखाली दांड्याच्या मागे चार इवल्या ढाली दिसल्या. प्रत्येकीत एक इंग्रजी अक्षर: ई, पी, एन, एस.

“इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर,” काका म्हणाले. “निकेल सिल्व्हर म्हणजे आपण जिला जर्मन सिल्व्हर म्हणतो ती. तांबं, निकेल आणि जस्त. नावात चांदी आहे, धातूत नाही. वर विजेने चढवलेला मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं आणि मग जगभरच्या छावण्यांत, क्लबांत, आगबोटींवर हीच भांडी गेली. आता उलटा कर. वाटीचा फुगीर भाग टेबलावर टेकतो ना, तिथे बघ.”

तिथे पांढरेपणा विटून खालचा पिवळट करडा धातू उघडा पडला होता, गुडघ्यावर विरलेल्या धोतरासारखा.

“मग अक्षरं ढालीत कशाला घातली? फसवायलाच ना?”

“खऱ्या चांदीच्या शिक्क्यांसारखी दिसावीत म्हणून घातली, हे खरं. पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, सुमन. लिहिणाऱ्याने सरळ लिहिलंय. तुमच्या घरात ऐंशी वर्षं कुणी वाचलं नाही, एवढंच.”

हे मला लागलं. देवळाली कॅम्प आमच्या घरापासून किती दूर? मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई तिथे महिनोन्‌महिने पडून असत, त्या कंटाळ्याने डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणू लागले, हे मी वर्गात रंगवून सांगत असे. आणि त्याच देवळालीतून आमच्या स्वयंपाकघरात आलेल्या चमच्याची पाठ मी कधी वाचली नव्हती.

त्या काट्यांत अडकून एक चहाचा लहान चमचा मात्र निराळा निघाला. काकांचा चेहरा बदलला. “हा बघ. हा अस्सल.” त्यावर एक पाय उचलून चालणारा सिंह, एक नांगर, एक अक्षर आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. तो इंग्लंडात १५४४ पासून उमटतोय. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी. ते गाव समुद्रापासून लांब. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांना एकाच वेळी कचेरी मिळाली आणि ज्या लंडनच्या खानावळीत त्यांची खलबतं झाली तिचं नाव ‘क्राउन अँड अँकर’, म्हणून एकाने नांगर घेतला, दुसऱ्याने मुकुट, असं सांगतात. अक्षर दरवर्षी बदलतं, त्यावरून साल निघतं. राजाचं किंवा राणीचं डोकं उमटलेलं असेल तर कर भरल्याची ती खूण, १७८४ ते १८९० या काळातली.

“एवढ्याशा चमच्यावर गाव, साल, माणूस आणि कस, सगळं आहे,” काका म्हणाले. “याला म्हणतात खूण. लंडनच्या सोनारांच्या हॉलमध्ये माल नेऊन तपासून घ्यायचा, म्हणून हॉलमार्क. घडवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. स्वतःच्या मालाला स्वतःच चोख म्हणायला काय जातंय?”

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडे इंग्रजांनी तशी कचेरी काढलीच नाही. कलकत्त्याचा हॅमिल्टन, मद्रासचा ऑर, हे आपापली नावं ठोकत. भुजचा ओमरसी मावजी, त्याच्या चांदीला विलायतेत आजही तोड नाही, तो ‘ओ. एम.’ आणि ‘भुज’ एवढंच ठोकायचा. कस किती, ते त्यात नाही.”

“म्हणजे माणसाच्या नावावरच चाललं ना?”

“नावावर नाही चाललं. परत घेण्यावर चाललं.” काकांनी गादीवर बोट आपटलं. “आमच्या वडिलांचा ठसा होता. त्या ठशाचा माल कधीही आणा, तूट कापून त्या दिवसाच्या भावाने पैसे घ्या. ठसा म्हणजे वचन होतं. वचन देणारा गेला, दुकान उठलं, की ठसा नुसता ओरखडा. म्हणून मला सरकारी खूण आवडते. चांदीला ती २००५ पासून आहे, पण घेत कोण होतं? आता १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक टाकून मिळतो. मोबाइलवर तो घातला की कुठल्या केंद्राने तपासलं, कस काय, सगळं दिसतं. सोन्याला सक्ती झाली २०२१ मध्ये. चांदीची अजून खुशीवर आहे. व्हायला हवी सक्ती. गोरगरीब बाई पैंजण घेते ते चांदीचे, आणि सगळ्यात जास्त भेसळ तिच्याच पायात जाते.”

यावर माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. भांडण पुढे होतं.

डब्यातून मी एक चमचा काढला. वाकडा, हातघडणीचा, दांडा मध्ये जाड आणि टोकाला पातळ. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाईल एवढीच वाटी. “याच्यावर ना सिंह ना नांगर. याचं काय?”

“याचं वजन,” काका म्हणाले. “दुसरं काय?”

“दांड्यावर काहीतरी लिहिलंय.”

“रांगोळीने घासून घासून गेलंय ते. बायका चांदी घासतात की भिंत, कळत नाही.”

मी चमचा तोंडाजवळ नेऊन वाफ सोडली. क्षणभर दांडा धुरकट झाला आणि त्यात ठिपके उठून दिसले, अक्षरांची ओळ झाली, आणि विरून गेली. पुन्हा वाफ. पुन्हा ओळ. मग काकांनीच पातळ कागद दांड्यावर धरून पेन्सिल आडवी घासली. कागदावर उमटलं: ‘चि. वेणू हीस उष्टावणास मामांकडून शके १८३८’.

शके १८३८, म्हणजे १९१६ साल. “वेणू कोण?” मी विचारलं. आमच्या घरात, वंशावळीत, देवघराच्या वहीत, कुठेही वेणू नाही.

काका लगेच बोलले नाहीत. कागद खिडकीकडे धरून त्यांनी दोनदा वाचला. “तुझी आजी,” ते म्हणाले. “लक्ष्मीबाई तुमच्या घरात आल्यावर. माझी आई तिला वेणूच म्हणायची. बहीण होती ना. दोघी एकत्र बसल्या की, वेणू, वेणू. मी लहान होतो. मला वाटायचं, लाडाचं असेल.”

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. जुनं नाव त्या तांदळाखाली जातं. आजी शाळेत गेली नव्हती, सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, मतदार यादीत ती लक्ष्मीबाई. वेणू नावाची मुलगी या जगात होती, याचा एकच लेखी पुरावा माझ्या हातात होता आणि तो चार आठवड्यांत ताट होणार होता.

“आता तरी पटतंय?” मी म्हटलं. “सिंहावर कस आहे. यावर माणूस आहे.”

“माणूस आहे. पण चांदी किती आहे, ते त्यावर लिहिलेलं नाही. मामाने प्रेमाने दिलं म्हणून शिसं चांदी होत नाही.” काकांनी पोऱ्याला हाक मारली आणि चमचा टंच काढणाऱ्याकडे पाठवला. दोन दुकानं सोडून त्याचं क्ष-किरणांचं यंत्र आहे. मिनिटभरात धातूचा हिशेब देतं. वरचीच कातडी वाचतं, मुलाम्याला फसू शकतं, म्हणून काकांनी दांड्याच्या टोकाशी कानसीने बारीक घासून दिलं होतं. मला ते बघवलं नाही.

पोऱ्या चिठ्ठी घेऊन आला. चांदी ९१.५. बाकी तांबं.

काकांनी चिठ्ठी बाजूला ठेवली, चमचा काट्यावर टाकला. २२.९ ग्रॅम. मग ते हसले, मनापासून. “अगं, हा रुपया आहे!”

“कसला रुपया?”

“१८३५ पासून कंपनीचा रुपया आणि पुढे राणीछाप, राजाछाप, सगळे एकाच मापाचे. १८० ग्रेन वजन, त्यात बारातले अकरा भाग चांदी. म्हणजे शंभरात एक्याण्णव आणि वर दोन तृतीयांश. वजन ११.६६ ग्रॅम. तेवढाच आपला तोळा. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली, तोवर हे चाललं. जुनी माणसं म्हणायची ना, पाच रुपये भार, दहा रुपये भार? ते वजनच होतं. आता हिशेब कर. दोन रुपयांचे सव्वातेवीस ग्रॅम. घडवताना तूट, शंभर वर्षांची झीज. उरले बावीस आणि नऊ दशांश. मामाने खिशातून दोन रुपये काढले आणि सोनाराच्या हातावर ठेवले. म्हणाला असेल, भाचीला चमचा कर.”

त्या चिठ्ठीकडे मी किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही. नावाने मला आजी दिली होती. यंत्राने मामा दिला.

“काका, मग हे सांगा. हा चमचा डब्यातल्या वाट्यांबरोबर मुशीत गेला, तर हा आकडा राहील?”

“नाही. सगळ्यांची सरासरी होईल.”

“म्हणजे तुमची खूणही पुसली जाईल. नुसती माझी नाही.”

काकांनी पान लावायला घेतलं. ते पान लावतात तेव्हा समजायचं, की आता खरं बोलणार. “सुमन, तू एक बाजू सांगतेस. त्या दोन रुपयांवर राजाचं तोंड होतं. मामाने ते वितळवलं, भाचीचं नाव घालण्यासाठी. तेव्हा तुझ्यासारखं कुणी आडवं आलं असतं तर हा चमचा झालाच नसता. आणि ते रुपये तरी कशाचे? चांदवडच्या टांकसाळीत होळकरांचा रुपया पडायचा, त्यावर फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. आपल्या नाशिकचा पडायचा त्यावर ‘गुलशनाबाद’. ते गोळा करून इंग्रजांनी आपले पाडले. सराफांनी प्रत्येक रुपयावर पारखल्याच्या टिकल्या ठोकल्या, त्याही गेल्या. चांदी अशीच जगते. वितळते म्हणून जगते.”

“पण...”

“थांब. बहात्तरचा दुष्काळ. मी सत्तावीस वर्षांचा, याच गादीवर. सिन्नरकडच्या बायका यायच्या. तोडे, कडदोरा, पोरांचे वाळे. वाळ्यांवरही नावं असायची, हो. मी वाचायचो. वाचून बाजूला ठेवू शकत नव्हतो, कारण तिला पैसे मोडीचे हवे होते आणि आम्हाला मोड आटवूनच पुढे द्यायची होती. स्त्रीधन म्हणतात ना, ते याचसाठी. संकटात मोडता यावं म्हणून. ज्या बाईने वाळा मोडला तिची पोरं जगली. नाव राखून काय करणार होती ती?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. ज्याच्या घरात धान्य नाही त्याला कोरलेल्या अक्षरांचं मोल सांगू नये. पण आमच्या घरात धान्य होतं. आम्ही ताटासाठी मोडत होतो.

“काका, जोगळटेंभीचं ऐकलंय ना तुम्ही?”

“गोदाकाठचं? नाण्यांचा हंडा सापडला ते?”

“१९०६ मध्ये. तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. बोटाच्या पेरावर मावेल एवढं नाणं, एका बाजूला नहपानाचं तोंड, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. आपल्या पांडवलेण्यांत त्याच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब आहे त्यात, पस्तीस कार्षापणांचं एक सुवर्ण. त्या राजाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. आणि ही नाणी हाती आल्यावर त्याने काय केलं? वितळवली नाहीत. नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर आपला ठसा वरून ठोकला. तीन कमानींचा डोंगर, आणि उलट्या बाजूला उज्जैनीचं चिन्ह. घाईत ठोकला, तिरका बसला. म्हणून खाली नहपानाचं नाक दिसतं, कान दिसतो, अर्धी अक्षरं दिसतात. कोण हरलं, कोण जिंकलं, हे त्या एका चकतीवर वाचता येतं. त्याने आटवून नवी पाडली असती तर त्याची नाणी जास्त देखणी झाली असती. आपल्याला मात्र नुसता सातकर्णी दिसला असता.”

“नावावर नाव,” काका म्हणाले. “ते आम्हीही बघतो. लग्नात आलेली वाटी, जुनं नाव खरवडून नवं घातलेलं. हात फिरवला की आतून लागतं.” त्यांनी एक वाटी उचलली आणि तिच्या आतल्या बाजूने माझं बोट फिरवलं. बाहेर छिन्नीने ठोकलेल्या प्रत्येक ठिपक्याचा आत बारीक उंचवटा येतो. बाहेरचं नाव घासून गुळगुळीत झालं होतं, आतून ते बोटाला सांगत होतं. ‘कडून सप्रेम’ एवढं मला लागलं. कोणाकडून, ते नाही.

“हाताने ठोकलेल्याचं हेच,” ते म्हणाले. “विजेच्या पेनाने आता नुसती कातडी ओरखडतात. दहा दिवाळ्या घासलं की साफ.”

अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात मी मुलांना सहलीला नेत असे. काचेमागचं ते सगळं दूरचं वाटे. घराच्या डब्यात तेच पडलंय, हे मला साठी ओलांडल्यावर कळावं याचं वाईट वाटतं. पुरातत्त्वाला जी अक्कल आपण लावतो ती घरच्या भांड्याला लावत नाही. घरचं भांडं म्हणजे किलोचा भाव. आणि त्या भांड्यांवर जी नावं आहेत ती बहुतेक बायकांची आहेत, कारण त्यांना जमीन मिळाली नाही, भांडी मिळाली.

शेवटी वही काढली. एकेक वस्तू घ्यायची, वाफ द्यायची, कागद घासायचा, लिहून काढायचं. काका वजन आणि टंच सांगत होते, मी उतरवत होते. त्यांनीच सांगितलं, चारही वाट्यांचे टंच वेगळे लिही, एकत्र नको. म्हणजे वाट्या चार ठिकाणांहून आल्यात हे राहील. तास गेला. पोऱ्याने दोनदा चहा आणला.

चार वाट्या, दोन पेले, एक फुलपात्र, चेपलेली अत्तरदाणी आणि झाकण हरवलेला करंडा, ही नऊ मोडीला काढली. त्यांच्यावरची नावं वहीत आली. ती माणसं आमच्या आठवणीत, फोटोत, कुठे ना कुठे आहेत. वेणूचा चमचा आणि दूध पाजायचं बोंडलं ठेवलं. सिंहाच्या चमच्यावरून मात्र आमची उलटीच जुंपली.

“हा मोडीत टाका,” मी म्हटलं.

“वेडी आहेस का? संग्राहक याला चांदीच्या वर पैसे देईल.”

“मग विका. याच्या बहिणी हजारो आहेत, त्यांच्या वर्षांची कोष्टकं छापलेली आहेत. हा गेला तर काही हरवत नाही.”

काकांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. देवळालीचे मुलाम्याचे चमचे मी घरी नेले. त्यांनी आम्ही आता रोज जेवतो.

महिन्याने ताट आलं. काठाखाली मानक चिन्ह, शुद्धतेचा आकडा, सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, सगळं लेझरने, भिंगाशिवाय न दिसणारं. काकांनी ते आग्रहाने करून घेतलं होतं. मग ते काठी टेकत माझ्याबरोबर भांडी बाजारात आले, नाव घालणाऱ्याकडे. हाताने ठोकणारा शोधायला तीन दुकानं फिरलो. त्याने छिन्नी पुसली आणि विचारलं, “काय घालायचं? चि. सौ. कां. का?”

“नुसतं मैत्रेयी,” मी म्हटलं. “ती नाव बदलणार नाहीये.”

“खाली आणखी एक ओळ,” काका म्हणाले. “पणजीच्या घरच्या नऊ भांड्यांची मोड. शके १९४७.”

त्याने ताट उलटं केलं, बोटाने काठापासून काठापर्यंत जागा मापली, ओठांतल्या ओठांत अक्षरं मोजली. “काठावर नाही मावायचं, शेठ. तळाला घालतो,” तो म्हणाला आणि पहिला ठिपका ठोकला.